कोण कोणत्या खोलीत झोपते

मागे एकदा एका मोठ्या दुर्घटनेनंतरचे चित्रण दूरचित्रवाणीवर चालू होते. घराच्या तीन भिंती पडलेल्या, छप्पर एका बाजूला कलंडलेले, आणि त्या उघड्या पडलेल्या जागेसमोर एक बाई खाली वाकून उंबरठा झाडत होती. उंबरठ्याच्या आत आता घर असे काही उरले नव्हते. तरीही तिचा झाडू आतून बाहेर असाच फिरत होता, रोज फिरत असेल तसा. वार्ताहराने तिच्यापुढे माइक धरला आणि इतके सगळे गमावल्यावरही ही हिंमत तुमच्यात कुठून येते, असे विचारले. तिने मान वर केली, प्रश्न नीट कळला नसावा तशी त्याच्याकडे पाहिले, आणि म्हणाली, "धूळ आहे ना." मग ती पुन्हा वाकली. वार्ताहर कॅमेऱ्याकडे वळला आणि माणसाच्या अजिंक्य जिद्दीविषयी बोलू लागला.

तिचे ते उत्तर बरेच दिवस मनातून जाईना.

त्या बाईचे मला कौतुक वाटले, डोळेही भरून आले. पण त्या भरून येण्यात एक प्रकारची सुटका मिसळलेली होती आणि तीच नंतर टोचत राहिली. आपत्तीत सापडलेली माणसे खंबीर आहेत, असे एकदा ठरले की पाहणाऱ्याच्या मनावरचा भार हलका होतो. ती सावरतील, ती नेहमीच सावरतात, असे म्हणून आपण आपापल्या कामाला लागू शकतो. राष्ट्रीय शोकाच्या प्रसंगी हे फार लवकर घडते. ध्वज अर्ध्यावर उतरतो, दोन मिनिटे स्तब्धता पाळली जाते, मदतनिधीचे आकडे जाहीर होतात, आणि मृतांची मोजदाद पुरी होण्याआधीच वाचलेल्यांच्या धैर्याचे गुणगान सुरू होते. ज्यांच्याविषयी हे सारे बोलले जाते त्यांना मात्र त्या वेळी धैर्याचा विचार करायला सवड नसते. त्यांच्यासमोर धूळ असते, औषधावाचून राहिलेली म्हातारी असते, हरवलेली कागदपत्रे असतात, आणि रात्र पडण्याआधी पाठ टेकायला जागा शोधायची असते. बाहेरून होणारी स्तुती आणि आतून चाललेली ही कामे यांचा एकमेकांशी नेमका संबंध काय, हे मला समजून घ्यावेसे वाटू लागले आणि मी जमेल तसे वाचत गेले.

वाचता वाचता जपानमधल्या आवाजी बेटापाशी येऊन थांबले. 17 जानेवारी 1995 रोजी पहाटे 5 वाजून 46 मिनिटांनी झालेल्या भूकंपात कोबे आणि आसपासच्या प्रदेशात 6,400 हून अधिक माणसे गेली. भूकंपाचे केंद्र आवाजीच्या उत्तर टोकाजवळ होते आणि तिथल्या होकुदान या छोट्या गावातून जमीन अक्षरशः फाटत गेली. जड कौलांची जुनी लाकडी घरे जागच्या जागी बसली आणि शेकडो माणसे अंथरुणातच गाडली गेली. बाहेरून मदत येईपर्यंत थांबण्याइतका वेळ कुणापाशी नव्हता. गावातल्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचे लोक, म्हणजे एरवी आपापला कामधंदा सांभाळणारी माणसे, आणि शेजारीपाजारी ढिगाऱ्यांवर चढले. कुठल्या घरात किती जण राहतात, आजी कोणत्या खोलीत झोपते, हे त्यांना ठाऊक होते. त्यामुळे सबंध घर उपसत बसण्याऐवजी त्यांनी नेमकी ती जागा उकरली. सुमारे 300 जणांना त्यांनी बाहेर काढले, आणि दिवस मावळण्याआधी गावातल्या प्रत्येकाचा ठावठिकाणा लागलेला होता.

कोण कोणत्या खोलीत झोपते, ही माहिती आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यात सहसा सापडत नाही. ती गोळा करायला कुणी फॉर्म घेऊन फिरलेले नसते. वर्षानुवर्षांच्या जाण्यायेण्यातून, आजारपणात बघायला जाण्यातून, उसनवारीतून, कुणाच्या तरी दारात उगीचच टेकण्यातून ती साचत गेलेली असते, आणि ती आपल्याजवळ आहे हे ज्याच्याजवळ असते त्यालाही ठाऊक नसते. मला यातली दुसरी बाजूही दिसते आणि ती झाकून ठेवावीशी वाटत नाही. जिथे सगळ्यांना सगळ्यांचे सगळे माहीत असते, तिथे राहणे सोपे नसते. कोण किती वाजता घरी आले, कुणाकडे कोण उतरले आहे, कुणाच्या घरातून मोठा आवाज आला, याची नोंद ठेवणाऱ्या नजरेला कंटाळूनच तरुण मुले शहराची वाट धरतात, आणि त्यांचे चुकते असे मला म्हणवत नाही. तरीही ढिगाऱ्याखालची नेमकी जागा दाखवते ती हीच नजर. जिचा जाच होतो आणि जिच्यामुळे जीव वाचतो ती नजर एकच असावी, हे पचायला जड जाते. दूर राहूनही एकमेकांची खबर ठेवता येईल अशी एखादी रीत आपल्याला घडवता आली असती तर फार बरे झाले असते. अजून तरी ती घडलेली दिसत नाही. शहरात, खुद्द कोबेमध्येही, जिवंत बाहेर निघालेल्यांपैकी बहुतेकांना काढले ते घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच.

लहानपणी आमच्या घरात एक अकाली मृत्यू झाला होता. त्या दिवसांतले कुणाचे काही बोलणे मला आठवत नाही. आठवते ती शेजारची एक बाई, जी रोज सकाळी येई, कुणाशी न बोलता आम्हा मुलांचे शाळेचे कपडे इस्त्री करी आणि निघून जाई. इस्त्रीखालच्या ओलसर कापडाचा तो उबट वास आजही आला की मला सुरक्षित वाटते, आणि लगोलग रडूही येते. आमचे कपडे कोणत्या कपाटात असतात, धाकट्याच्या सदऱ्याचे कोणते बटण सैल आहे, हे तिला विचारावे लागले नाही. सांत्वन करायला पुष्कळ जण आले असतील आणि त्यांच्याविषयी मनात कृतज्ञता आहेच. पण शाळेची वेळ झाली आहे, हे फक्त तिने ओळखले होते. एका घराचे दुःख आणि सबंध देशाचे दुःख यांची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. मात्र देशावर कोसळलेले दुःखही शेवटी एकेका घरातच राहायला येते, आणि तिथे सकाळ झाली की मुलांना कपडे लागतात.

संकटात सामान्य माणूस बिथरतो, वाट फुटेल तिकडे पळतो, लुटालूट करतो, अशी समजूत फार जुनी आणि फार घट्ट आहे. 1963 मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठात आपत्तींच्या सामाजिक बाजूचा अभ्यास करणारे केंद्र सुरू झाले. तिथल्या अभ्यासकांनी ठिकठिकाणी जाऊन, माणसांशी बोलून ही समजूत तपासली तेव्हा चित्र बहुतेक वेळा उलटे निघाले. पहिल्या काही तासांत माणसे एकमेकांना शोधतात, जखमींना उचलतात, आणि मदत पथके पोचेपर्यंत बरेच काम त्यांनीच केलेले असते. अधिकाऱ्यांनी मात्र जमाव बिथरेल या भीतीने खरी माहिती दडवली, म्हणून हानी वाढल्याची उदाहरणे आहेत. लोकांवर विश्वास नसणे ही आपत्तीत भर घालणारी गोष्ट आहे, हे मला यातून फार प्रकर्षाने जाणवले.

जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या इशिनोमाकी शहरातल्या एका लहानशा दैनिकाने हा विश्वास कसा ठेवायचा ते दाखवले. 11 मार्च 2011 च्या त्सुनामीत त्या शहरातली तीन हजारांहून अधिक माणसे गेली. इशिनोमाकी हिबी शिंबून हे 1912 पासून चाललेले स्थानिक वृत्तपत्र; त्याचे छपाईयंत्र पाण्यात गेले, वीज गेली, संगणक बंद पडले. कागद मात्र शिल्लक होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या कागदाचे मोठे तुकडे कापले, जाड टोकाच्या पेनांनी हाताने बातम्या लिहिल्या आणि ती पाने निवाऱ्यांच्या ठिकाणी नेऊन चिकटवली. असे सलग सहा दिवस चालले. लिहिणाऱ्यांत अशीही माणसे होती ज्यांची स्वतःची घरे पाण्याखाली होती. त्या पानांवर काय होते, तर कुठल्या भागात किती हानी झाली आहे, निवारे कुठे आहेत, मदत कुठे पोचली आहे, आणि अफवांवर न जाता खात्रीच्या माहितीवर वागा अशी विनंती. धीराच्या शब्दांपेक्षा माहितीच जास्त होती, आणि तिच्यातच धीर होता. टॉर्चच्या उजेडात, थंडीने आखडलेल्या बोटांनी, ओळ सरळ राहावी म्हणून जपून लिहिणाऱ्या त्या माणसांचा विचार मी अनेकदा केला आहे. अक्षर सुवाच्य काढण्याची त्यांची धडपड मला फार मोठी वाटते, कारण समोर उभा राहून वाचणारा माणूस त्या ओळींमध्ये आपल्या वस्तीचे नाव शोधणार आहे, हे त्यांना माहीत होते.

हिरोशिमाचे उदाहरणही या संदर्भात नेहमी दिले जाते. 6 ऑगस्ट 1945 रोजी अणुबॉम्ब पडला आणि 9 ऑगस्टला ट्रामच्या मार्गाच्या एका छोट्या टप्प्यावर गाडी पुन्हा धावली. पुरुष युद्धावर गेल्यामुळे ट्राम कंपनीने 1943 मध्ये मुलींसाठी एक शाळा काढली होती, आणि किशोरवयातल्या त्या मुली शिकता शिकता वाहकाचे आणि चालकाचे काम करत. त्यांतल्या काही जणी बॉम्बहल्ल्यात गेल्या. वाचलेल्यांपैकी काही जणी त्या पहिल्या दिवसांत पुन्हा गाडीवर होत्या. धावती ट्राम पाहून धीर आला, असे अनेकांनी सांगून ठेवले आहे आणि ते खरेच असणार. मला मात्र पुढची हकिकत अस्वस्थ करते. युद्ध संपले, पुरुष परतू लागले, शाळा बंद झाली आणि मुली आपापल्या घरी गेल्या. ट्राम शहराच्या उभारीची खूण ठरली, तिच्या काही जुन्या गाड्या आजही जपलेल्या आहेत. तिच्या दाराशी उभ्या असलेल्या मुलींची आठवण पुढे कित्येक वर्षे फारशी कुणी काढली नाही. उभारीचे कौतुक करताना माणसांपेक्षा खुणा जपणे सोपे जाते.

सर्वांत जास्त काळ मी गुंतून पडले ते वेल्समधल्या अ‍ॅबरफॅन या खाणकामगारांच्या गावात. 21 ऑक्टोबर 1966 चा शुक्रवार हा सहामाही सुट्टीआधीचा शाळेचा शेवटचा दिवस होता. सकाळी सव्वानऊच्या सुमारास, डोंगरावर वर्षानुवर्षे रचत आणलेला खाणीतल्या टाकाऊ मालाचा ढीग, खालच्या झऱ्याच्या आणि पावसाच्या पाण्याने सैल होऊन घसरला आणि पँटग्लास शाळेवर व शेजारच्या घरांवर आला. 116 मुले आणि 28 मोठी माणसे गेली. जवळच्या खाणीतले कामगार भुयारातून वर आले आणि थेट त्या काळ्या चिखलात उतरले. त्यांतल्या कित्येकांची मुले आत होती. मधूनच शिटी वाजे आणि सगळे जण हातातले काम थांबवून स्तब्ध होत, आतून एखादा आवाज येतो का ते ऐकण्यासाठी. सकाळी अकरा वाजल्यानंतर कुणीही जिवंत सापडले नाही.

ढीग ज्या झऱ्यावर रचला होता तो झरा नकाशात दाखवलेला होता, आणि शाळेमागच्या ढिगाऱ्याच्या धोक्याविषयी स्थानिक अभियंत्यांच्या कचेरीतून 1963 मध्येच लेखी इशारा गेला होता. चौकशी आयोगाने दोष सरळसरळ खाणी चालवणाऱ्या राष्ट्रीय कोळसा मंडळावर ठेवला. तरी कुणावर खटला झाला नाही की कुणाची नोकरी गेली नाही. जगभरातून जवळजवळ 90 हजार देणग्या आल्या, साडेसतरा लाख पौंडांच्या आसपास रक्कम जमली. मग त्या पैशाचा हिशेब सुरू झाला. मदत देण्याआधी आईवडिलांना आपल्या मुलाविषयी नेमकी किती जवळीक होती हे तपासून पाहावे, असाही विचार धर्मादाय आयोगाच्या बाजूने पुढे आला होता. गावावर अजून उभे असलेले बाकीचे ढीग हलवण्याचा खर्च उचलायला ना मंडळ तयार होते, ना सरकार. गावकऱ्यांनी कार्डिफमधल्या सरकारी कचेरीत जाऊन ढिगाऱ्यातला गाळ आणून टाकला, तेव्हा कुठे हालचाल झाली. आणि 1968 मध्ये त्या कामासाठी मदतनिधीतूनच 1 लाख 50 हजार पौंड घेण्यात आले. ज्यांची मुले गाडली गेली त्यांच्यासाठी लोकांनी दिलेल्या पैशातून ढीग हलवले गेले. ती रक्कम परत मिळाली 1997 मध्ये, तितकीच, एका पैच्या व्याजाविना.

हे वाचताना राग येतो, आणि तो यायलाच हवा असे मला वाटते. कारण अ‍ॅबरफॅनविषयी लिहिताना अनेक जण गावाच्या सोशिकतेपाशी येऊन थांबतात. सोशिकता होतीच. वाचलेल्या मुलांपैकी काहींनी मोठेपणी सांगितले आहे की ती बरेच दिवस रस्त्यावर खेळायला जात नसत. ज्यांची मुले गेली त्यांना आपण दिसलो तर सहन होणार नाही, हे त्यांना कळले होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे कुणी समजावून सांगितले नसेल. खेळाचा आवाज थांबलेला तो रस्ता डोळ्यांसमोर आला की वाटते, दुःख वाटून घेणे म्हणतात ते याहून वेगळे काय असेल? पण त्याच वेळी हेही वाटते की कुठल्याच मुलावर असे शहाणपण यायला नको होते. गावातल्या पुरुषांनी पुढे एक गायनवृंद उभारला. बायकांनी एक मंडळ सुरू केले, त्याचे नाव तरुण विवाहितांचे मंडळ. आठवड्यातून एकदा भेटायचे, कुणाचे तरी भाषण ऐकायचे, सहलीला जायचे, हसायचेसुद्धा. पन्नास वर्षे उलटल्यावरही त्या मंडळाचे नाव तेच होते, सभासद बायका ऐंशीच्या घरात पोचल्या होत्या. याच गावातल्या माणसांनी कचेरीत नेऊन गाळ ओतला होता. मला गाण्याची तालीम, साप्ताहिक भेट आणि तो गाळ या गोष्टी वेगवेगळ्या काढून पाहता येत नाहीत. बाहेरच्या जगाला पहिल्या दोन आवडतात, तिसरीचा उल्लेख ते खालच्या आवाजात करते.

भोपाळमध्येही असेच झाले. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातून वायू सुटला, त्यानंतर तिथल्या बायका काय करत राहिल्या? रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या दोघी गॅसपीडित बायकांसाठी उघडलेल्या स्टेशनरी बनवण्याच्या सरकारी केंद्रात भेटल्या. एक मुसलमान, एक हिंदू, दोघींच्या घरात गॅसने मृत्यू आणि आजारपण आणलेले. वेतन रास्त मिळावे म्हणून त्यांनी बायकांची संघटना बांधली, आणि 1989 मध्ये बायकामुलांना घेऊन त्या भोपाळहून दिल्लीपर्यंत पायी गेल्या. त्याच वर्षी 47 कोटी डॉलरांवर तडजोड झाली आणि देशाच्या दृष्टीने प्रकरण जणू मिटले. या बायकांच्या दृष्टीने ते मिटले नव्हते, कारण त्यांच्या वस्त्यांमधले पाणी दूषित होते आणि पुढच्या पिढीत व्यंग घेऊन मुले जन्मत होती. 2004 मध्ये दोघींना पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला. त्या पैशातून त्यांनी चिंगारी ट्रस्ट उभा केला, जिथे अशा मुलांवर उपचार होतात. कारखान्याच्या आवारात साठवून ठेवलेला 337 टन विषारी कचरा तिथून हलला तो जानेवारी 2025 मध्ये, 40 वर्षांनी, आणि जिथे तो जाळायला नेला त्या पीथमपूरच्या लोकांनी विरोध केला. त्यांच्या विरोधाला हट्ट म्हणणारे पुष्कळ निघाले. भोपाळच्या बायकांनाही इतकी वर्षे हेच ऐकावे लागले होते. सहन करणाऱ्या माणसाचे आपण पोवाडे गातो आणि तोच माणूस प्रश्न विचारू लागला की त्याला चिवट, हटवादी, कधीच समाधान न होणारा ठरवतो. मला तरी त्याच्या सहन करण्यात आणि विचारण्यात एकच बळ दिसते.

मराठी माणसाला या सगळ्याची जवळची आठवण किल्लारीची. 30 सप्टेंबर 1993, अनंत चतुर्दशीची रात्र उलटून गेलेली, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटे. विसर्जनाहून दमून आलेली माणसे गाढ झोपली होती, आणि दगड-मातीच्या रुंद भिंती व जड माळवदे त्यांच्यावर आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत काही हजार माणसे गेली. मदत उदंड आली, तिच्यामागची तळमळ खरी होती, याविषयी माझ्या मनात शंका नाही. 52 गावे नव्या जागी वसवण्याचे ठरले. रुंद सरळ रस्ते, काटकोनात आखलेले भूखंड, एकमेकांपासून अंतर राखून बांधलेली घरे, आणि घरांचा आकार जमिनीच्या मालकीप्रमाणे 250, 400 आणि 750 चौरस फूट. हे सारे सुरक्षित होते आणि दगडी भिंतीच्या धास्तीने पत्र्याखाली झोपणाऱ्या माणसांना सुरक्षितता हवीच होती. पण जुन्या गावात गल्लीच्या दोन बाजूंनी घरे एकमेकांच्या दारात डोकावत, भिंतीपलीकडचा खोकला ऐकू येई, ओट्यावर बसल्या बसल्या अर्धे गाव नजरेखालून जाई. ते सारे आराखड्यात मावले नाही. होकुदानमध्ये ज्या माहितीने माणसे वाचवली, ती माहिती ज्या शेजारात साचते, तो शेजार नव्या गावात नव्याने लावावा लागला. पुनर्वसन करणाऱ्यांनी काहीच चांगले केले नाही असे मुळीच नाही. एवढेच की घर किती चौरस फुटांचे हवे, हे ठरवताना पुष्कळ विचार झाला आणि त्याच्या शेजारी कोण हवे, हे ठरवताना त्या मानाने कमी.

याच भूकंपानंतर एक दुसरे, कमी गाजलेले काम झाले आणि ते माझ्या मते अधिक मोलाचे होते. ज्या गावांत घरे पुरती पडली नव्हती, भिंतींना तडे गेले होते, तिथे घरे दुरुस्त आणि मजबूत करण्याचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. हजाराहून अधिक गावांत तो चालला. सरकार, अभियंते आणि गावकरी यांच्यात दुवा म्हणून गावोगावच्या बायकांची संवाद सहायक म्हणून नेमणूक झाली, आणि स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने त्या कामाची बांधणी केली. आजवर चारचौघांत उभे राहून न बोललेल्या बायका घरोघर जाऊ लागल्या. अनुदान किती आणि कसे मिळते, ते कशावर खर्च करायचे, अभियंता कधी येणार, हे त्या सांगत. भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधून ठेवणारा आरपार दगड कुठे बसवायचा, कोपरे कसे पक्के करायचे, भिंतीवरून फिरणारा काँक्रीटचा पट्टा कशासाठी, हे त्यांनी आधी स्वतः शिकून घेतले आणि मग गवंड्याच्या शेजारी उभे राहून पाहिले. घर बांधणे हे पुरुषाचे काम आणि ते झाडणे बाईचे, ही वाटणी तिथे काही काळ तरी मोडली. सगळीकडे ती कायमची मोडली असे मी म्हणणार नाही. काही ठिकाणी काम संपल्यावर बायका पुन्हा उंबरठ्याच्या आत गेल्या असतील. पण अनेक ठिकाणी त्यांचे गट टिकले आणि बचत, आरोग्य, पाणी अशा प्रश्नांकडे वळले.

26 जानेवारी 2001 रोजी कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या त्या बायकांपैकी काही जणी तिकडे गेल्या. त्यांना भाषा नीट येत नव्हती. आपली घरे पडून सात वर्षे झाली होती आणि आता समोर दुसऱ्या बायका तशाच ढिगाऱ्यापाशी बसलेल्या होत्या. अशा वेळी एकमेकींकडे पाहून काय वाटले असेल याची कल्पना करायला मला फार शब्द लागत नाहीत. पण त्या केवळ रडायला गेल्या नव्हत्या. आमच्याकडे काय झाले, कशात फसलो, काय साधले, हे त्यांनी सांगितले. बायकांनी एकत्र यावे, घरांचे निर्णय होतात तिथे जावे, यासाठी त्या बसून बोलल्या. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर महाराष्ट्रातल्या आणि गुजरातमधल्या बायका मिळून तामिळनाडूच्या किनाऱ्यावर गेल्या, जिथली भाषा त्यांच्यापैकी कुणालाच कळत नव्हती आणि जिथे घरे भूकंपाने नव्हे तर पाण्याने नेली होती. कोळ्यांच्या त्या वस्त्यांमध्ये, दुभाष्याच्या मदतीने, त्यांनी पुन्हा तेच बोलणे मांडले: घर कसे हवे ते घर पडलेल्या बाईला आधी विचारले जावे, बैठकीत तिला बसायला जागा असावी, आणि भिंत चढत असताना आत काय घातले जाते आहे हे तिने स्वतः उभे राहून पाहावे.